तळ्याकाठची संध्याकाळ, फोनचा कॅमेरा आणि एआय: वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा आला आहे: तलावावरचा सूर्यास्त डोळ्यांना दिसतो तसा फोनमध्ये येत नाही, आणि मग एआयकडून तो ‘दुरुस्त’ करून घेतला की भलताच होतो. म्हणून हे सदर सगळंच त्यासाठी ठेवलं आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

इंदूरच्या सिरपूर तलावावर आकाश अगदी केशरी होतं. फोटोत मात्र सूर्याच्या जागी पांढरा डाग आणि भोवती फिकट पिवळं आकाश. फोन तर नवाच आहे. कुठे चुकतं?
– एक वाचक, सुदामानगर

फोन उजेड मोजतो तिथेच चुकतं. कॅमेरा चौकटीतल्या उजेडाचा एक सरासरी अंदाज बांधतो. खाली काळपट पाणी आणि कडेला बाभळी असल्या की त्याला वाटतं, दृश्य अंधारं आहे. तो सगळंच उजळ करतो आणि आकाशाचा रंग जातो. फोटोतल्या प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा हे तीन आकडे असतात, प्रत्येक 0 ते 255. तिन्ही 255 ला टेकले की तो ठिपका पांढरा, आणि तिथला रंग नोंदलाच गेलेला नसतो. नंतर ‘हायलाइट्स’ (सर्वात उजळ भागांची पट्टी) कितीही खाली ओढा, पांढऱ्याचं राखाडी होईल, केशरी होणार नाही. तिथे एआय जो केशरी भरतं तो त्याचा अंदाज असतो, तुम्ही पाहिलेला रंग नव्हे.

म्हणून सगळी काळजी फोटो काढतानाच घ्यायची. सूर्यापासून थोडं बाजूला, उजळ पण डोळे न दिपवणाऱ्या आकाशावर बोट दाबून धरा, लॉकची खूण येईपर्यंत. मग शेजारची उजेडाची पट्टी खाली सरकवा. आकडे दिसत असतील तर उणे 0.7 ते उणे 1.3 च्या मध्ये थांबा. उणे 1 म्हणजे उजेड बरोबर निम्मा. पडद्यावर फोटो जरा गडद वाटेल. वाटू द्या. गडद भाग नंतर उचलता येतो, उडालेला भाग परत आणता येत नाही. थेट सूर्यावर बोट ठेवलंत तर उलटी चूक होते: सूर्याची थाळी सुरेख येते आणि बाकी सगळा तलाव शाईत बुडतो.

केशरी रंग फिका पडण्याचं दुसरं कारण ऑटो व्हाइट बॅलन्स. घरातल्या पिवळ्या दिव्याखाली पांढरा कागद पांढरा दिसावा म्हणून फोन पिवळेपणा काढून टाकतो, आणि तोच हिशेब तो सूर्यास्तालाही लावतो. प्रो मोड (कॅमेऱ्याचे आकडे हाताने ठरवायची सोय) असेल तर व्हाइट बॅलन्स 5500 केल्विनवर पक्का करा. अजून ऊब हवी असेल तर 6000. आयएसओ, म्हणजे उजेडाला सेन्सर किती संवेदनशील ते, 50 किंवा 100 ठेवा. प्रो मोड नसेल तर नंतर ‘वॉर्म्थ’ची पट्टी थोडीशी उजवीकडे न्या. दहा-पंधरा पुरतात. त्यापुढे झाडांच्या काळ्या आकृत्या तपकिरी दिसू लागतात.

सूर्य बुडाल्यावर लॉक काढून पुन्हा मोजायला विसरू नका. आधीच्याच लॉकवर पुढची वीस मिनिटं काढलेले फोटो काळेकुट्ट येतात, आणि खरी रंगांची वेळ तर तेव्हाच असते. वर पातळ, पिंजलेल्या कापसासारखे ढग असतील तर सूर्य क्षितिजाखाली गेल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी ते खालून पेटतात. इंदूरला सूर्यास्तानंतर साधारण 23 ते 25 मिनिटं कामापुरता उजेड राहतो. तेवढा वेळ तलावाच्या पाळीवरून (बांधावरून) उठू नका.

कुठल्या तलावावर, कधी जावं? गेल्या वर्षी सूर्य बरोबर पाण्यावर उतरत होता. या वर्षी त्याच जागेवरून तो झाडांमागे गेला.
– एक वाचक, रामबाग

जागा तीच होती, तारीख वेगळी असणार. सूर्य बरोबर पश्चिमेला फक्त 20-21 मार्च आणि 22-23 सप्टेंबरच्या सुमारास मावळतो. इंदूरच्या अक्षांशावर तो डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पश्चिमेच्या सुमारे 25 अंश दक्षिणेला असतो आणि जूनमध्ये तितकाच उत्तरेला. हात ताठ पुढे करून मूठ धरली की ती सुमारे 10 अंश झाकते. म्हणजे वर्षभरात सूर्यास्ताची जागा पाच मुठींइतकी सरकते. मार्च आणि सप्टेंबरमध्ये तर ती रोज जवळजवळ एका सूर्यथाळीएवढी हलते. आठवड्याने गेलात तर चौकट बदललेली असते. जूनच्या आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास मात्र पंधरवडाभर फारसा फरक पडत नाही.

एकाच जागी वर्षातून दोनदा सूर्य मिळतो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. संक्रांतीला, 14 जानेवारीला, तो जिथे मावळतो, तिथेच तो 28 नोव्हेंबरच्या आसपासही मावळतो. फक्त वेळ वेगळी: नोव्हेंबरअखेर पावणेसहाच्या जरा आधी, संक्रांतीला सहानंतर. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सव्वासात वाजतात.

तलाव कुठलाही घ्या. सिरपूर धार रोडला आहे, यशवंत सागर गंभीर नदीवर, बिलावली खंडवा रोडला. पहिले दोन्ही होळकरांच्या काळातले, आणि 2022 मध्ये दोघांचीही रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, नोंद झाली. निवडताना नकाशावर पूर्वेचा काठ बघा, म्हणजे पाणी तुमच्या पश्चिमेला राहील. काठावर पोहोचलात की सूर्य क्षितिजाच्या किती मुठी वर आहे ते पाहा. आपल्याकडे एक मूठ उतरायला साधारण पाऊण तास लागतो.

आणि थंडीतलं धुरकट क्षितिज दिसलं म्हणून परत फिरू नका. धूळ आणि धुक्यामागे सूर्य क्षितिजाला टेकण्याआधीच तांबडा आणि मंद होतो. तेव्हा त्याची गोल थाळी आणि पाणी दोन्ही एकाच फोटोत नीट येतात. स्वच्छ हवेत हे साधत नाही.

सूर्य फोटोत टिकलीएवढा येतो. झूम केलं की फाटतो. मग एआयने मोठा करावा का?
– एक वाचक, राजेंद्रनगर

आधी हिशेब पाहा. सूर्याची थाळी आकाशात अर्धा अंश. फोनचा मुख्य कॅमेरा जवळजवळ 74 अंश रुंद बघतो. 4000 पिक्सेल रुंदीच्या फोटोत सूर्याच्या वाट्याला जेमतेम 25 पिक्सेल येतात. 5 पट ऑप्टिकल (म्हणजे काचेने साधलेल्या, खऱ्या) झूमची वेगळी लेन्स असेल तर हेच सव्वाशेच्या घरात जातात. 50 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर 2 पट झूम बरंचसं खरं असतं, कारण तो सेन्सरच्या मधला भाग पूर्ण बारकाव्यानिशी वापरतो. तिथून पुढे 30 पट, 100 पट वगैरे जे दिसतं त्यात फोनने स्वतः रंगवलेलं बरंच असतं.

सूर्य मोठा करण्यापेक्षा त्याच्यासमोर काहीतरी ठेवा. दूरची होडी, पाण्यात उभं वाळकं झाड, पाळीवरून सायकल नेणारा माणूस. टिकलीएवढा सूर्य त्या आकृतीला लागून आला की पुरेसा वाटतो. एक काळजी: सूर्य मूठभर वर असताना झूमची लेन्स त्याच्यावर रोखून फोन तिपाईवर ठेवून देऊ नका, सेन्सरला आणि फोनच्या तापमानाला ते बरं नाही.

प्रत्येक फोटोत एक हिरवा ठिपका येतो, कधी सूर्यातून आडवी तिरीप निघते. लेन्स खराब झाली का?
– एक वाचक, तिलकनगर

नाही. दोन्हींची कारणं वेगळी आहेत. हिरवा ठिपका म्हणजे लेन्सच्या आतल्या काचांमधून परतलेला सूर्य. तो नेहमी चौकटीच्या मध्याच्या पलीकडे, सूर्याच्या बरोबर समोर येतो: सूर्य वर डावीकडे, तर ठिपका खाली उजवीकडे. म्हणून फोन किंचित कलवा आणि ठिपका कुठे जातो ते पडद्यावर बघा. मोकळ्या आकाशात आणून ठेवलात तर नंतर एका फटक्यात पुसता येतो. पाण्याच्या लाटांवर राहिला तर पुसायला त्रास देतो.

तिरीप मात्र बोटांची. शेव-पोहे खाऊन आलेली बोटं लेन्सवर टेकली की तेलाचा पातळ थर बसतो. आपण तो शर्टाच्या टोकाने एकाच दिशेने ओढतो, आणि त्या ओरखड्यांच्या काटकोनात उजेडाची रेघ उठते. लेन्सवर हलकी वाफ सोडा आणि चष्म्याच्या स्वच्छ फडक्याने गोल गोल पुसा. प्रत्येक सूर्यास्ताआधी.

एआय ॲपमधून आकाश बदललं. रंग अप्रतिम आले, पण मुलगी म्हणते, ‘आई, खोटं दिसतंय.’ तिला नक्की काय दिसतं ते मला कळत नाही.
– एक वाचक, लोकमान्यनगर

मुलीची नजर चांगली आहे. तिला बहुधा पाणी दिसत असणार. बहुतेक ॲप आकाश बदलतात आणि पाण्यावर वरवरचा केशरी हात फिरवतात. खरं पाणी असं वागत नाही. दूरचं पाणी आपण अगदी तिरकं बघतो, म्हणून त्यात क्षितिजाजवळचं केशरी आकाश दिसतं. पायाजवळचं पाणी आपण वरून बघतो, म्हणून त्यात डोक्यावरचं निळं-राखाडी आकाश दिसतं, आणि ते काळसरही असतं. खऱ्या फोटोत पाण्याचा रंग वरून खाली केशरीकडून निळ्याकडे उतरत येतो. तुमच्या फोटोत तो काठापर्यंत एकसारखा केशरी असेल तर तिथेच तो पकडला गेला.

दुसरी जागा म्हणजे सूर्याचा पाण्यातला पट्टा. तो नेहमी सूर्याच्या बरोबर खाली, सरळ तुमच्याकडे येतो. नव्या आकाशात सूर्य दोन बोटं डावीकडे सरकला आणि जुना पट्टा उजवीकडेच राहिला, की कारण न कळताही डोळा अडखळतो. तिसरी जागा झाडांच्या बारीक फांद्या: त्यांच्यामधून जुन्या आकाशाचे पांढरट तुकडे डोकावतात. चौथी माणसं. मागे लालभडक आकाश आणि चेहऱ्यावर दुपारचा पांढरा उजेड.

चंद्राचं तर विचारूच नका. मावळत्या सूर्याशेजारी पूर्ण चंद्र टाकलेले कितीतरी फोटो फिरत असतात. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना पूर्वेला उगवत असतो, तुमच्या पाठीमागे. पश्चिमेला सूर्यास्तानंतर दिसते ती बीज-तीजेची कोर, आणि तिची उजळ कड खाली, सूर्य गेला त्या बाजूला असते.

आमचं मत स्पष्ट आहे: आकाश बदलू नका. सिरपूरचा फोटो हा त्या दिवशीच्या सिरपूरचा असतो. आकाश दुसरीकडचं आणलं की त्यात त्या संध्याकाळचं काही उरत नाही. आकाश फिकं असेल तर आहे त्याच रंगाला हात द्या. स्नॅपसीड या फोटो एडिटिंग ॲपमधल्या ‘ट्यून इमेज’मध्ये हायलाइट्स उणे 20 ते 30, कॉन्ट्रास्ट अधिक 10, सॅच्युरेशन 10 च्या वर नाही. ‘ॲम्बियन्स’ जपून, 20 पुढे गेलात की झाडांच्या कडेने पांढरी रेघ उमटते आणि फोटो लगेच ‘केलेला’ दिसतो. लाइटरूम या दुसऱ्या ॲपमध्ये एआय आकाश आपोआप निवडून देतं, तो खरा उपयोग आहे. निवड एआयची, बदल तुमचा: फक्त आकाशाचा उजेड उणे 0.3, थोडी ऊब, बस.

पाण्यातली प्लॅस्टिकची पिशवी, विजेच्या तारा आणि जलपर्णी एआयने काढावी का? काढली की तिथे चिखलासारखं काहीतरी येतं.
– एक वाचक, नारायणबाग

तारा आणि पिशवी काढा. जलपर्णी काढू नका. ती तलावाची खरी अवस्था आहे, आणि इतका मोठा भाग पुसून तिथे निव्वळ पाणी बसवणं कुठल्याही ॲपला नीट जमत नाही.

साधनं दोन जातीची आहेत, हा फरक कळला की निम्मी डोकेदुखी जाते. पहिली जात, बोटाने रंगवून पुसायची: गूगल फोटोजमधलं मॅजिक इरेझर, आयफोनचं क्लीन अप, सॅमसंगच्या एडिटरमधलं ऑब्जेक्ट इरेझर, लाइटरूमचं रिमूव्ह. ही फक्त रंगवलेल्या जागेपुरतं बदलतात. दुसरी जात, लिहून सांगायची: जेमिनी किंवा तशी गप्पांची ॲप. ‘पाण्यातली पांढरी पिशवी काढ, बाकी सगळं जसंच्या तसं ठेव’ असं मराठीत लिहिलं तरी त्यांना कळतं, पण ती बहुधा अख्खं चित्र नव्याने रंगवतात आणि लहान आकारात परत देतात. पिशवी जाते, आणि पलीकडच्या काठावरचं देऊळ नकळत जरा वेगळं होऊन येतं. दोन्ही फोटो आलटून पालटून बघा, दिसेल. तलावाच्या फोटोला पहिली जातच वापरा.

पुसताना फोटो तिप्पट मोठा करा. वस्तूच्या कडेबाहेर थोडं जाऊन रंगवा, आणि तिचं पाण्यातलं प्रतिबिंबही त्याच फेरीत घ्या. चिखल होतो तो बहुतेक यामुळेच: पिशवी पुसली, तिची सावली राहिली, आणि ॲपने त्या सावलीला साजेसं काहीतरी काळं तिथे बसवलं. मोठी वस्तू एकदम न पुसता दोन-तीन तुकड्यांत घ्या. तारा मोकळ्या आकाशातून सहज जातात. झाडामागून गेलेला तारेचा तुकडा मात्र सोडून द्या, तिथे पानं विरघळतात. पुसून झाल्यावर पाण्याकडे नीट बघा: एकच लाट शेजारी शेजारी दोनदा आली असेल तर मागे जाऊन पुन्हा करा. पुसायचं काम रंग करण्याआधी उरका, म्हणजे नव्या तुकड्यावरही बाकी फोटोसारखाच रंग चढेल.

आई-बाबांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला तलावावर फोटो काढले. आकाश छान, चेहरे काळे. आता काही होईल?
– एक वाचक, सुदामानगर

थोडं होईल. ‘शॅडोज’ (गडद भागांची पट्टी) अधिक 30 पर्यंत उचला. त्यापुढे चेहऱ्यावर रंगीत कण दिसू लागतात. एआयचा ‘चेहरा उजळ करा’ पर्याय वयस्क माणसांच्या सुरकुत्याच पुसून टाकतो. पन्नास वर्षांचा संसार दाखवणाऱ्या फोटोत ते अजिबात नको. पुढच्या वेळी त्यांना सूर्याकडे थोडं वळून, तिरकं उभं करा, म्हणजे एका गालावर उजेड येईल. सूर्य बुडाल्यावर काढत असाल तर दुसऱ्या फोनच्या टॉर्चवर पांढरा रुमाल धरून हातभर वर, बाजूने उजेड द्या. टॉर्च थेट चेहऱ्यासमोर नको.

यशवंत सागरवर सारस दिसले, फार लांब होते. एआयने फोटो स्पष्ट करून पक्षीगटाला पाठवू का?
– एक वाचक, राजेंद्रनगर

मूळ फोटो पाठवा. एआयने ‘स्पष्ट’ केलेल्या पक्ष्याच्या अंगावर पिसं येतात, पण ती त्या पक्ष्याची नसतात. चोचीची लांबी आणि पायांचा रंगसुद्धा बदलतो, आणि ओळख त्यावरच ठरते. धूसर मूळ फोटोतही सारसाची उंची आणि डोक्या-मानेचा लाल रंग कळतो. तेवढं जाणकारांना पुरतं.

फोटो गटात पाठवला की आकाशात पट्टे दिसतात. फोनवर तर नव्हते.
– एक वाचक, तिलकनगर

सूर्यास्ताचं आकाश म्हणजे अगदी हळू बदलणारा रंग. जेपीजीत प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्याच असतात. सॅच्युरेशन ताणलं की पायऱ्यांमधलं अंतर वाढतं, आणि व्हॉट्सॲप फोटो आवळतं तेव्हा ते उघडं पडतं. रंग कमी ताणा, वरून थोडं ‘ग्रेन’ (बारीक कणांचा पोत) टाका (5 ते 10), आणि पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फोनमध्ये रॉ किंवा डीएनजीची (कॅमेऱ्याने न आवळलेल्या मूळ फाइलची) सोय असेल तर सूर्यास्तापुरती चालू करा. फाइल कितीतरी मोठी होते, पण पायऱ्याही कितीतरी जास्त मिळतात.

स्पर्धेत एआयने बदललेले फोटो चालतात का?
– एक वाचक, रामबाग

नियम वाचा, आणि एआय वापरलं असेल तर न विचारताही सांगा. गूगलच्या एआयने केलेल्या चित्रांत सिंथआयडी नावाची न दिसणारी खूण असते. सॅमसंगच्या जनरेटिव्ह एडिटमध्ये कोपऱ्यात दिसणारी खूण येते. ती कापून टाकणं म्हणजे लपवणं. मूळ फाइल न बदलता वेगळी ठेवा. परीक्षक मागतात तीच.

भिंतीवर लावायला 12 बाय 8 इंचाचा प्रिंट काढायचा आहे. लॅबवाल्याने कडा कापल्या आणि फोटो काळपट आला.
– एक वाचक, नारायणबाग

फोनचा फोटो 4:3 मापाचा, 12 बाय 8 हा 3:2. 4000 बाय 3000 चा फोटो त्यात बसवायला उंचीतले 333 पिक्सेल जावेच लागतात, म्हणजे नववा हिस्सा. तो लॅबवर सोडू नका. स्वतः 3:2 ला कापा. बहुतेक फोटोंत पायाजवळचं पाणी कमी केलं तरी चालतं, सूर्यावरचं आकाश सहसा नको. उरलेले 4000 पिक्सेल 12 इंचांत म्हणजे इंचाला 333, प्रिंटला भरपूर. व्हॉट्सॲपवरून साधा पाठवलेला फोटो मात्र लांबीला साधारण 1600 पिक्सेलचाच उरतो. इंचाला 133, आणि बाभळीच्या फांद्या तिथेच मऊ होतात. फाइल पेनड्राइव्हवर किंवा मेलने द्या.

काळपट आला कारण फोनचा पडदा आतून उजळतो, कागद नाही. छापायच्या प्रतीचा उजेड अधिक 0.3 करा, पडद्याची ब्राइटनेस निम्म्यावर आणून पुन्हा बघा, आणि आधी 4 बाय 6 चा एक नमुना काढून घ्या. तो दिवसा, खिडकीजवळ धरून बघायचा. कागद मॅट सांगा. चकचकीत कागदावर काळ्या पाण्यात समोरचा ट्यूबलाइट दिसत राहतो.